पायातली कडी

टेंग्याच्या पोस्टिंगबद्दल मागे लिहिलंय, त्यामुळे जुन्या वाचकांना माझा डावा गुडघा ओळखीचा असेल. त्याच गुडघ्याच्या कृपेने २०१७ च्या सप्टेंबरात मला बंगळूर मिळालं. लो मेडिकल कॅटेगरी, पीस स्टेशन, काम टेबलावरचं. फौजेत बंगळूर मिळालं की लोक अभिनंदन करतात. मला मात्र पहिले दोन महिने पेन्शनीत निघाल्यासारखं वाटत होतं. पीटी बंद, पळणं बंद. सकाळी पाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, सपाट जमिनीवर चाला, जितकं जमेल तितकं चाला. म्हणून चालायला लागलो.

चालता चालता एका रविवारी लालबागेत पोचलो. तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पक्षी बघणाऱ्यांचा एक घोळका जमतो, ही तिथली फार जुनी प्रथा. मी नुसताच मागे मागे हिंडत होतो. कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठले, कुठे कुठे होतात. मी यादी सांगताना टेंगा म्हणालो आणि पुढे चालणारी एक मुलगी गर्रकन वळली. "टेंगा? अरुणाचलमधलं टेंगा? म्हणजे ईगलनेस्टच्या खालचं?" तेही चक्क मराठीत. पोरगी सांगलीकडची, पक्ष्यांवर संशोधन करणारी. दोन हंगाम तिने ईगलनेस्टच्या जंगलात तंबूत काढले होते. मी अडीच वर्षं त्याच डोंगराच्या पायथ्याशी होतो, आणि वर काय आहे याचा मला पत्ता नव्हता. आमच्यासाठी वर म्हणजे धुकं, जळवा आणि बंद पडलेला रस्ता.

ईगलनेस्ट या नावाचा अर्थ तिने मला सांगितला याची मला अजून लाज वाटते. आपल्या ४ इन्फंट्री डिव्हिजनचं चिन्ह लाल गरुड. उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढलेली ही डिव्हिजन पुढे नेफात आली आणि त्या गरुडावरून खिंडीला नाव पडलं, गरुडाचं घरटं. खऱ्या गरुडाचा तिथे संबंध नाही. १९६२ मध्ये फुटहिल्सवरून चाकूमार्गे टेंगा आणि बोमडिलाकडे जाणारा रस्ता हाच. पुढे दुसरे रस्ते झाले, हा मागे पडला आणि रानात जिरत गेला. त्याच फौजी रस्त्यावर बोंपू नावाची जुनी कॅम्पची जागा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी २०११ पासून तिथे दर वर्षी जाळी लावतात, जंगलाच्या तळातले छोटे गाणारे पक्षी धरतात, पायात कडी घालतात आणि सोडून देतात. पुढच्या वर्षी परत तेच. कुठला नंबर परत आला, कुठला नाही.

"एवढ्यासाठी?" मी विचारलं.

"एवढ्यासाठीच," ती म्हणाली. "काका, जंगल तोडल्यावर तिथे पक्षी दिसतातच हो. पण दिसणं वेगळं आणि जगणं वेगळं. तोच पक्षी पुढच्या वर्षी आहे का, हे कडीशिवाय कसं कळणार? वटवट्या वटवट्यासारखाच दिसतो."

हे मला लगेच पटलं. हजेरी आणि नफरी यातला फरक कुठल्याही हवालदाराला विचारा. शंभर माणसं उभी आहेत म्हणजे तीच शंभर आहेत असं नव्हे.

तिथे जे हाती आलं ते असं, की एकदा तोडून वाढलेलं जंगल वरून हिरवंगार दिसलं तरी आतून दिवसा जास्त तापतं, ओल कमी धरते, आणि जुन्या जंगलातल्या कित्येक जातींचं तिथे वर्षामागून वर्ष टिकून राहण्याचं प्रमाण घसरत जातं. हवामान तापतंय तसे पक्षी वर सरकू बघतात. वर जुनं जंगल असेल तर ठीक. हे सगळं दहा ग्रॅमच्या जिवांच्या पायातल्या आकड्यांवरून निघालेलं आहे.

त्याच जंगलातली आणखी एक गोष्ट तिने सांगितली. रमण अत्रेय नावाचे पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ १९९५ मध्ये तिथे गेले असताना त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, तो जाळ्यात आला. जगाला माहीत नसलेली जात. अशा वेळी पक्षी मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवायचा हा शिरस्ता. पण सगळे मिळून जेमतेम चौदा पक्षी दिसले होते. त्यांनी तो मारला नाही. जाळ्यात गळालेली पिसं, मापं आणि फोटो एवढ्यावर नवी जात जाहीर केली आणि तिथल्या बुगुन लोकांचं नाव तिला दिलं. माझ्या बरॅकपासून सरळ रेषेत किती अंतर असेल? एका तोफेच्या टप्प्यातलं.

महिनाभराने तिचा फोन आला. शहराच्या उत्तरेला एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, वनखात्याची परवानगी काढून, हिवाळाभर दर रविवारी त्या लोकांचं कडी घालायचं काम चालणार होतं. ही परवानगी लागतेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साधा बुलबुल जरी जाळ्यात धरला तरी तो गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. त्यांना नोंदी लिहायला माणूस हवा होता. "काका, तुमचं अक्षर बघितलंय मी. आणि तुम्ही उशिरा येणार नाही."

पहाटे साडेपाचला पोचलो. अंधारात घाणेरीच्या झुडपांमधून वाटा पाडलेल्या होत्या आणि त्यांत बांबूच्या दोन-दोन काठ्यांमध्ये काळी जाळी ताणलेली. एकेक जाळी बारा मीटर लांब, दोन-अडीच मीटर उंच, केसासारख्या बारीक धाग्याची. दिसतच नाही. मी अर्धं आयुष्य ट्रिप वायर शोधण्यात घालवलंय आणि पहिल्याच जाळीत तोंड घालून उभा राहिलो. जाळी ताठ नसते, तिला आडवे कप्पे असतात, खिशासारखे लोंबते. पक्षी धडकतो आणि खिशात पडून राहतो. दर वीस मिनिटांनी फेरी मारायची, हा पहिला नियम. पाऊस, वारा, ऊन चढलं, तर जाळी गुंडाळायची, हा दुसरा. पक्ष्यापेक्षा आकडा मोठा नाही, हा तिसरा. हे नियम तिने मला स्टँडिंग ऑर्डरसारखे घोकायला लावले.

पक्षी सोडवणं ही नुसती बघण्याची गोष्ट. ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने काढायचा. आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. मग मान पहिल्या दोन बोटांच्या फटीत हलकी धरायची, पाठ तळहाताला टेकलेली. घट्ट धरला तर त्याला श्वास घेता येत नाही, कारण तो छाती हलवून श्वास घेतो. सैल धरला तर गेला. तिथून सुती पिशवीत. पिशवीच्या अंधारात पक्षी शांत होतो. एका दोरीवर टांगलेल्या आठ-दहा पिशव्या, मधूनच एखादी हलते. मला आमच्या लंगरमागचं धुणं आठवलं.

टेबलाशी माझी जागा. ती पक्षी हातात घेऊन बोलायची, मी लिहायचो. आधी कडीचा नंबर. कडी ॲल्युमिनियमची, फटीची. खास पकडीत धरून पायाभोवती मिटवायची, दोन टोकं बरोबर जुळली पाहिजेत, एक केस जरी आत गेला तरी ती पायाला काचणार. मग जात, वय, नर की मादी, पंखाची लांबी, नडगीची लांबी, वजन. छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करायची की कातडीखाली पिवळी चरबी दिसते. लांब पल्ल्याच्या प्रवासाची शिदोरी तीच. मार्च संपताना वटवट्यांच्या गळ्याच्या खाचेत ही चरबी भरू लागते, जसं आपण मूव्हमेंट ऑर्डर आली की ट्रंक भरतो.

माझ्या एका सवयीचा तिथे उपयोग झाला. तिने नंबर सांगितला की मी तो एकेक आकडा सुटा करून परत वाचून दाखवायचो. वायरलेसवर रीड बॅक करतात तसं. "शेवटचे चार, सात-शून्य-चार-एक." सुरुवातीला पोरं हसली. मग पहिल्याच रविवारी एकाने सहाचा नऊ ऐकला होता तो सापडला, आणि त्यानंतर सगळेच वाचायला लागले.

आले ते पक्षी बहुतेक ओळखीचेच. शिंपी, बुलबुल, दयाळ, चष्मेवाला. थंडीतले पाहुणे म्हणजे वटवटे. आठ ग्रॅमचा हिरवट वटवट्या आणि बारा ग्रॅमच्या आसपासचा ब्लिथचा वटवट्या. हा दुसरा दिसायला इतका सामान्य, की मातकट सोडून त्याला रंगच नाही. झुडपात बसून नुसता 'चक्, चक्' करतो. पण उन्हाळ्यात याचं घर फिनलंडपासून रशिया आणि मध्य आशियापर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे बारा ग्रॅमचा प्राणी हिमालयाच्या त्या अंगाहून बंगळूरच्या घाणेरीत येतो. बारा ग्रॅम म्हणजे दहा-दहा रुपयांची दीड नाणी. आमचं रुकसॅकचं वजन आठवून मी गप्प बसलो.

एकदा सोनपाठी सुतार आला. तो जाळ्यात यायची अपेक्षा नसते, मोठा पक्षी, शंभर ग्रॅमच्या आसपास, बहुतेक वेळा उसळी मारून निसटतो. हा अडकला आणि त्याने जो आरडाओरडा केला तो मेन गेटच्या संत्रीलाही ऐकू गेला असेल. सुताराची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, खोडाला धरायला, त्यामुळे चारी बोटांनी त्याने जाळीची मूठ वळली होती. एक बोट सोडवावं तर तो दुसऱ्याने पुन्हा धरतो. जिभेचं टोक काटेरी, ती लांब बाहेर काढून तीही जाळीत अडकवली. हे सगळं सोडवताना तो ताईच्या अंगठ्यावर आपला व्यवसाय करत होता. रक्त आलं. ती शांतपणे मोजत राहिली. डोक्याचा पुढचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे मादी. नराचं सगळं डोकं तांबडं. शेपटीची पिसं ताठ, टोकाला झिजलेली, कारण तो त्यांच्यावर रेलून बसतो. तिने मला एक गोष्ट दाखवली. पिसं झडायची वेळ येते तेव्हा सुतार मधली दोन सर्वांत शेवटी टाकतो, बाजूची नवी उगवून ताठ झाल्यावर. आधार काढायचा तर बदली आल्यावर. हे ज्याने ठरवलं तो चांगला सुभेदार मेजर झाला असता.

कड्या कुठून येतात, असं मी एका चहाच्या वेळी विचारलं. त्या चहात इतिहास निघाला, आणि तो फिरून माझ्या घरापाशी येईल असं वाटलं नव्हतं.

पायात नंबरची कडी घालण्याची शास्त्रीय पद्धत सुरू केली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तराने, १८९९ मध्ये, साळुंकीच्या जातभाईंवर. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात सुरुवात केली, धारच्या महाराजांच्या मदतीने. धारचे पवार, म्हणजे आपलेच. कडीवर 'इन्फॉर्म बॉम्बे' अशी सूचना आणि नंबर. शहराचं नाव बदललं, कडीवरचं बॉम्बे राहिलं. पण काम खरं वाढलं ते सालिम अलींच्या हाताखाली १९५९ नंतर. आणि ते वाढलं एका तापामुळे.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू शोधून काढला. तो रशियातल्या एका गोचिडीच्या तापाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. आता सायबेरिया कुठे आणि शिमोगा कुठे? मग संशय गेला पक्ष्यांवर. थंडीत तिकडून येणाऱ्या पक्ष्यांनीच अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणला असेल का? हे तपासायचं तर कोणता पक्षी कुठून येतो हे कळायला हवं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या गेल्या.

"क्यासनूरचा ताप म्हणजे..." मी म्हणालो.

"आपल्याकडे माकडताप म्हणतात ना, तोच. सिंधुदुर्गात आला होता."

आला होता म्हणजे काय! आमचं गाव बांद्यापासून हाकेच्या अंतरावर. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्गातल्या केरमध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये बांद्याकडे आलं. फेब्रुवारी-मार्च, काजूचा हंगाम. लोक दिवसभर बागेत खाली वाकून बिया वेचणार आणि पाचोळ्यात गोचीड. माझी मामी, जिने आई गेल्यावर मला वाढवलं, त्या मार्चमध्ये पडली. आधी थंडी, मग डोकं फुटेल असा ताप, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त. चार दिवस उतरला आणि पुन्हा चढला. तिला गोव्याला हलवलं तेव्हा मी उत्तरेत होतो, रजा मिळून पोचेपर्यंत अकरा दिवस गेले. ती वाचली. शेजारच्या वाडीतले दोघे वाचले नाहीत. गावात तेव्हा काय काय बोललं जायचं. कोण म्हणे माकडांना मारा, कोण म्हणे पाखरं रोग आणतात, चिंचेवरची घरटी पाडा. एका दुपारी मी स्वतः बांबू घेऊन दोन घरटी पाडली होती. मामी आत खाटेवर होती, मला काहीतरी करायचं होतं.

हे मी ताईला सांगितलं. तिने तोंडावर हळहळ आणली नाही, बरं वाटलं. एवढंच म्हणाली, "पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही काका. इतक्या कड्या घातल्या, इतक्या गोचिडी तपासल्या. तो विषाणू इथलाच, आपल्याच जंगलातला. जंगल तोडून माणसं आणि गुरं आत गेली, तेव्हा भेटला."

या कामाभोवती फौजेची सावली सुरुवातीपासूनच आहे. साठच्या दशकात पक्षी आणि रोगांचं एक मोठं सर्वेक्षण आशियात चाललं, त्याला पैसा अमेरिकन लष्कराचा होता आणि बीएनएचएसचा त्यात सहभाग होता. पुढे आपल्याकडे बोभाटा झाला की यात जैविक युद्धाचा डाव आहे, प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. सालिम अलींना त्याचा फार मनस्ताप झाला. मला त्यात दोन्ही बाजू समजतात. संशय घेणं हे आमचं कामच. २०२० मध्ये कठुआला सीमेवर एक कबूतर पकडलं, पायात कडी, कडीवर आकडे. सांकेतिक संदेश समजून पोलिसांनी ते ठेवून घेतलं. पलीकडच्या गावातला मालक म्हणाला, अहो, तो माझा मोबाईल नंबर आहे. शेवटी कबूतर सोडलं. लोक हसले. मी हसलो नाही. पोस्टवर उभं असताना कडीवरचे आकडे वाचून जो माणूस हसून सोडून देतो, तो चांगला संत्री नाही.

पुढचं लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो.

२०१८ चा फेब्रुवारी, महिन्यातला तिसरा रविवार. तोवर मला सोडवणं जमू लागलं होतं आणि दोन जाळ्यांची फेरी माझ्याकडे दिलेली होती. सात वाजून पाच मिनिटांनी मामेभावाचा फोन आला. मामी ऐकत नाही, उद्यापासून काजूत जाते म्हणते, अंगाला लावायचं डीएमपी तेल घरात तसंच पडून आहे. मी मामीला फोनवर घेतलं. ती म्हणाली, "काजी काय तुझो साहेब येऊन पुंजावतलो?" मी चिडलो, ती चिडली. बराच वेळ गेला. फोन ठेवून घड्याळ बघितलं तर फेरीची वेळ होऊन पंधरा मिनिटं उलटली होती. म्हणजे जाळी पस्तीस मिनिटं एकटी.

दुसऱ्या जाळीत खालच्या खिशात शिंपी होता. जाळीवर कावळा बसलेला. मला बघून उडाला. शिंपी सहा-सात ग्रॅमचा असतो. जे उरलं होतं त्याच्या पायात कडी होती.

मी तो तसाच हातात घेऊन टेबलाशी आलो. माझ्याकडून उशीर झाला, पस्तीस मिनिटं, फोनवर होतो, एवढं सांगितलं. ती काही बोलली नाही. कडी पुसली आणि नंबर वाचला. मी वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वीची ओळ, माझ्याच अक्षरात. वजन, पंख, 'सुटताना ठीक'. ती म्हणाली, "लिहा काका. जाळ्यात मृत्यू. कारण, शिकारी पक्षी. फेरीला उशीर, तेही लिहा."

मी ते लिहिलं. मग सवयीने परत वाचून दाखवायला गेलो आणि आवाज निघाला नाही.

फौजेत आपल्या अंगावर दोन चकत्या असतात, दोन्हींवर नंबर, नाव, रक्तगट. एक देहाबरोबर राहते, दुसरी काढून घेतात. मी दुसरी एकदा काढून घेतली आहे. कुठे, कधी, कुणाची, ते या लेखात नको. त्या वेळीही असाच नंबर वाचला होता आणि समोरच्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवला होता, एकेक आकडा सुटा करून. ती सवय मला तिथून लागलेली आहे, वायरलेसवरून नाही. वर मी वायरलेस म्हटलं ते खोटं नव्हे, पण पुरतं खरंही नव्हे.

त्या दिवशी जाळी लवकर बंद केली. ताईने नंतर मला आकडे सांगितले. उत्तर अमेरिकेतल्या वीसेक संस्थांच्या नोंदी एकत्र करून २०१२ मध्ये हिशेब केला होता, हजारात दोन-तीन पक्षी या कामात मरतात. फार कमी, म्हणून काम चालू ठेवायचं. आणि शून्य नाही, म्हणून प्रत्येक लिहायचा. "लपवणारे असतात," ती म्हणाली. "त्यांच्या वह्या फार स्वच्छ असतात." मी विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का? ती म्हणाली, फोन टेबलावर ठेवून फेरीला जायचं. बस्स. एखाद्या जवानाला मी जे सांगितलं असतं, तेच तिने मला सांगितलं, आणि त्याहून कमी शब्दांत.

घातलेल्या कड्यांपैकी लांबून परत कळवल्या जातात त्या मूठभर, असं ती सांगायची. त्यातल्या पुष्कळ कळतात त्या पक्षी मेल्यावरच. कुणाच्या तरी अंगणात, रस्त्यावर, शिकाऱ्याच्या हातात. बाकीच्यांचं काय झालं ते वहीला ठाऊक नसतं. मात्र जिथे कडी घातली तिथेच पुन्हा जाळी लावली तर जिवंत भेटण्याची शक्यता असते. हिरवट वटवट्यावर दक्षिणेत रंगीत कड्या घालून अभ्यास झालेला आहे. तो हिवाळ्यात झाडांचा एक तुकडा आपला म्हणून राखतो आणि पुढच्या वर्षी हजारो किलोमीटर जाऊन येऊन त्याच तुकड्यावर हजर होतो.

मे महिन्यात रजेवर गावी गेलो. मामी ओटीवर बिया निवडत बसली होती. तेल लावत होती, पण वास येतो म्हणून शिव्या घालत. मी तिला बंगळूरचे उद्योग सांगितले. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पाखरांच्या पायात कडी घालतंस? आणि सरकार तुका पगार कित्याक देता?" मी म्हटलं, हे सुट्टीच्या दिवशी. मग तिने चिंचेकडे बोट दाखवलं. पाडलेल्या दोन घरट्यांपैकी एकाच्या जागी नवं होतं. कोणाचं ते मला आता ओळखता येत होतं, बुलबुलाचं. तिने मुद्दाम सांगितलं नाही की मुलांना तिकडे जाऊ देत नाही, पण खाली काट्याची शिरी रचून ठेवलेली होती.

गावात बातमी पसरली की मी कड्या ओळखतो. चार दिवसांत एक पोरगा मेलेलं कबूतर घेऊन आला, कडीसकट. शर्यतीचं कबूतर, कुणाच्या तरी शौकाचं. दुसऱ्याने चक्क कोंबडीचा पाय आणला, त्याच्या आजीने खूण म्हणून बांगडीचा तुकडा घातला होता. तोही मी वहीत लिहून घेतला. आजी खूश झाली.

मेडिकल बोर्ड ऑक्टोबरात झालं. कॅटेगरी कायम. पुढे नोकरी वाढवून घ्यायची की निघायचं, हे जानेवारीपर्यंत कळवायचं होतं. आमच्यापैकी जे या उंबरठ्यावर उभे राहिलेत त्यांना ते दिवस सांगायला नकोत.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. लालबाग सोडून मी थेट जाळ्यांवर. धुकं होतं, पक्षी कमी. सव्वासातच्या फेरीला पहिल्या जाळीत, घाणेरीच्या कोपऱ्यात, ब्लिथचा वटवट्या. पायाकडे हात घातला तर बोटाला धातू लागला. आदल्या महिन्यात या जाळीत एकही वटवट्या धरला नव्हता. पिशवीत घालून मी चालत टेबलाशी आलो. गुडघ्यामुळे म्हणा, पण पळालो नाही.

ताईने भिंग लावून नंबर वाचला. मी मागच्या हिवाळ्याची वही काढली. १७ डिसेंबर २०१७. जाळी क्रमांक एक. वजन ११.५. माझंच अक्षर, तेव्हा जरा जास्त वळणदार.

"पुन्हा वाचा काका."

मी एकेक आकडा सुटा करून वाचला. ती कडीवर बघत प्रत्येकाला हूं म्हणत गेली. एका पोराने वजन केलं, ११.२. नुकताच आलेला, चरबी नाही, पंखाची टोकं झिजलेली. मी नव्या पानावर लिहिलं, पुनर्पकड, आणि तारीख. ताई म्हणाली, सोडता का तुम्ही?

तळहात उघडला तरी तो दोन क्षण तसाच आडवा पडून राहिला, असं करतात ते. मग उठला आणि घाणेरीत शिरला. आतून 'चक्' आलं. घड्याळात पुढच्या फेरीला अकरा मिनिटं होती. मी फोन टेबलावर ठेवला आणि निघालो.